न्यासाच्या याद्या आणि कमांड लाइनवरील जावास्क्रिप्ट

कोणत्याही सार्वजनिक न्यासाचा कारभार शेवटी याद्यांवर चालतो. सभासदांची यादी, आश्रयदात्यांची यादी, शिष्यवृत्तीसाठी आलेल्या अर्जांची यादी, वसतिगृहातील मुलांची यादी. इतकेच काय, स्मरणिकेच्या अखेरच्या पानांवर जी देणगीदारांची नामावली छापली जाते व जी सर्व लेखांच्या आधी वाचली जाते, तीही यादीच. या याद्या पूर्वी वहीत असत, आता संगणकात असतात. परंतु त्या नीट लावण्याचे काम पूर्वीइतकेच किचकट राहिले आहे. पैनगंगेच्या दक्षिण तीरावरील आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात तर ते अधिकच किचकट. घरात मराठी, सरकारी कचेरीत तेलुगू, बाजारात हिंदी-उर्दू, बँकेच्या पासबुकावर इंग्रजी, आणि उटनूर-नारनूरच्या बाजूस गोंडी व कोलामी. एकाच मुलाचे नाव तीन ठिकाणी तीन लिप्यांत लिहिलेले सापडते, आणि ती तिन्ही नावे एकाच मुलाची आहेत हे ओळखण्याचे काम न्यासाच्या चिटणिसाकडे येते.

हे काम घरच्या संगणकावर, कोणासही पैसे न देता व मुलांची नावे-पत्ते इंटरनेटवरील परक्या जागी न पाठविता, पाच-सहा ओळींच्या लिखाणाने करून घेता येते. ते कसे, हे या पाठात सांगावयाचे आहे. वाचकास प्रोग्रामिंग येत असलेच पाहिजे असे नाही. मात्र संगणकावर टंकण्याची सवय हवी आणि पहिल्या प्रयत्नात यश न आल्यास रागावून उठून न जाण्याची तयारी हवी. जावास्क्रिप्टचे शब्द आम्ही येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत देत आहोत. प्रत्यक्ष टंकताना ते रोमन अक्षरांतच टंकावयाचे आहेत.

प्रथम भाषेविषयी थोडेसे. जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत असताना सुमारे दहा दिवसांत उभी केली. वेबपानावर थोडी हालचाल दिसावी एवढाच तेव्हा तिचा उद्देश होता, आणि पुढची अनेक वर्षे ती ब्राउझरच्या बाहेर फारशी पडली नाही. २००९ साली रायन डाल यांनी गूगलच्या क्रोम ब्राउझरमधील व्ही-८ हे इंजिन घेऊन त्यास फाइली वाचण्या-लिहिण्याची सोय जोडली व त्यास नोड असे नाव दिले. त्या दिवसापासून जावास्क्रिप्टला ब्राउझरची गरज उरली नाही. कमांड लाइनवर, म्हणजे जेथे चित्रे व बटणे नसून केवळ आज्ञा टंकावयाच्या असतात अशा काळ्या खिडकीत, ती चालू लागली.

२०१५ साली भाषेची मोठी सुधारणा झाली. परंतु नवे व्याकरण जुन्या इंजिनांस कळत नसल्याने काही वर्षे असा प्रकार चालला की, नव्या रीतीने लिहावयाचे, मग बेबल नावाच्या साधनाने त्याचे जुन्या रीतीत रूपांतर करावयाचे, आणि ते रूपांतर चालवावयाचे. तीन ओळींच्या कामासाठी तीसशे फाइलींचा संसार मांडावा लागे. आजही कित्येक जुन्या पुस्तकांत हाच मार्ग सांगितलेला आढळतो. नवशिक्याने तो बेलाशक सोडून द्यावा. आजचे नोड नवे व्याकरण सरळ समजते.

आता कामास लागू. नोडच्या संकेतस्थळावरून दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती उतरवून घ्यावी. या पाठातील सर्व प्रकार एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या २२ व्या आवृत्तीत व तिच्या पुढच्या आवृत्तींत चालतात. नंतर एक फोल्डर करून त्यात आपली यादी ठेवावी. विंडोजवर हे फोल्डर उघडून वरच्या पत्त्याच्या पट्टीत 'सीएमडी' असे टंकून एंटर दाबले की, त्याच फोल्डरात उभी असलेली कमांड लाइन उघडते. लिनक्सवर किंवा मॅकवर टर्मिनल उघडून 'सीडी' या आज्ञेने तेथे जावे. तेथे 'नोड', मग जागा सोडून दोन आडव्या रेघा व त्यांस चिकटून 'व्हर्जन' असे टंकावे. उत्तरादाखल आवृत्तीचा क्रमांक आला म्हणजे सामग्री सज्ज झाली.

आवृत्ती पाहून घेण्याचा आग्रह आम्ही उगाच धरीत नाही. मराठी अकारविल्हे, मराठी अंक वगैरे गोष्टींचे नियम नोडमध्ये पूर्णपणे भरलेले येऊ लागले ते २०१९ च्या १३ व्या आवृत्तीपासून. त्यापूर्वीच्या नोडमध्ये साधारणपणे केवळ इंग्रजीचे नियम असत. त्यास मराठी क्रम मागितला तर ते तक्रार करीत नसे. निमूटपणे दुसऱ्याच नियमाने क्रम लावून देई. चूक करून गप्प बसणारा कारकून हा चूक करून ओरडणाऱ्यापेक्षा वाईट.

यादी साध्या मजकुराच्या फाइलीत असावी, दर ओळीस एक नाव, आणि ती जतन करताना यूटीएफ-८ हा प्रकार निवडावा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत टंकलेली यादी असेल तर ती प्रथम युनिकोडात उतरवून घेतली पाहिजे. त्या फॉन्टांत पडद्यावर दिसणारा 'क' संगणकाच्या पोटात 'क' नसतोच. दुसऱ्याच एका चिन्हास 'क' चा पोशाख चढविलेला असतो. छापखान्याकडून परत आलेल्या मागील स्मरणिकेच्या फाइलींत हा प्रकार हमखास आढळेल.

स्क्रिप्टची फाइल नोटपॅडमध्ये लिहिली तरी चालते. तिच्या नावाच्या शेवटी 'डॉट एमजेएस' असे शेपूट लावावे. यातील 'एम' म्हणजे मॉड्यूल. हे शेपूट पाहून नोड ती फाइल निःशंकपणे नव्या रीतीची मानते. नुसते 'डॉट जेएस' लावले तरी अलीकडच्या आवृत्ती आतील मजकूर पाहून रीत ओळखतात, पण ओळखण्याचे काम यंत्रावर सोडण्यापेक्षा स्पष्ट सांगितलेले बरे.

आता स्क्रिप्टची रचना पाहू. पहिल्या ओळीत 'इम्पोर्ट' या शब्दाने नोडच्या 'एफएस' या अंगभूत भांडारातील 'प्रॉमिसेस' विभागातून 'रीडफाइल' व 'राइटफाइल' ही दोन साधने मागवावयाची. दुसऱ्या ओळीत 'कॉन्स्ट' असे लिहून एका नावात फाइलीचा मजकूर साठवावयाचा. येथे एक गमतीची गोष्ट अशी की, हे नाव आपण मराठीत, देवनागरी अक्षरांत ठेवू शकतो. 'कॉन्स्ट' रोमन आणि त्यापुढे 'मजकूर' देवनागरी, असे लिहिलेले जावास्क्रिप्टला बिनतक्रार मान्य आहे. आम्हांस ही सोय फार उपयोगाची वाटते. दोन वर्षांनी दुसऱ्या चिटणिसाने फाइल उघडली तर 'नावे', 'गावे', 'रक्कम' हे शब्द त्यास आपोआप वाट दाखवितात.

बरोबर चिन्हानंतर 'अवेट' लिहून 'रीडफाइल' ला हाक मारावयाची. 'अवेट' म्हणजे थांब. फाइल तबकडीवरून येईपर्यंत पुढची ओळ सुरू करू नकोस, असा त्याचा अर्थ. हा शब्द पूर्वी एखाद्या फंक्शनच्या आतच लिहिता येई; मॉड्यूलमध्ये तो आता उघड्यावर, सरळ वरच्या पातळीवर चालतो. कोणती फाइल वाचावयाची ते स्क्रिप्टमध्ये पक्के लिहून न ठेवता कमांड लाइनवरून सांगावे. त्यासाठी 'प्रोसेस डॉट एआरजीव्ही' नावाची एक रांग असते. तिची मोजणी शून्यापासून होते: शून्याच्या जागी नोडचा पत्ता, एकच्या जागी स्क्रिप्टचा पत्ता, आणि दोनच्या जागी आपण टंकलेला पहिला शब्द. म्हणून दोन क्रमांकाचे घर वाचावयाचे. मग कमांड लाइनवर 'नोड', स्क्रिप्टचे नाव व यादीचे नाव अशी तीन पदे टंकली की, तीच स्क्रिप्ट आज अर्जांस व उद्या देणगीदारांस लावता येते. लिनक्सवर पहिल्या ओळीच्याही वर हॅश व उद्गारचिन्ह देऊन 'एन्व्ह नोड' चा मार्ग लिहिला व फाइलीस चालविण्याची परवानगी दिली, तर 'नोड' हा शब्दही टंकावा लागत नाही.

तिसऱ्या ओळीत मजकूर 'स्प्लिट' ने ओळींवर तोडावयाचा, आणि 'मॅप' च्या द्वारे प्रत्येक नावावर 'ट्रिम' व 'नॉर्मलाइझ' असे दोन संस्कार करावयाचे. 'ट्रिम' दोन्ही बाजूंची रिकामी जागा काढते एवढेच पुस्तके सांगतात, पण त्याचे खरे उपकार दुसरेच आहेत. एक्सेलमधून यूटीएफ-८ प्रकारात काढलेल्या यादीच्या अगदी आरंभी एक अदृश्य खूण बसलेली असते. ती पहिल्या नावास चिकटते आणि ते नाव पुढे कशाशीच जुळत नाही. विंडोजच्या प्रत्येक ओळीच्या शेवटीही असेच एक न दिसणारे चिन्ह राहते. 'ट्रिम' ही दोन्ही झटकून टाकते.

'नॉर्मलाइझ' ची गरज मराठी माणसास विशेष. कुऱ्हाडे हे आडनाव घ्या. त्यातील 'ऱ' युनिकोडात एका चिन्हानेही लिहिता येतो, आणि साधा 'र' व खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. जावास्क्रिप्टला मात्र ते भिन्न शब्द वाटतात. 'नॉर्मलाइझ' दोन्हींस एकाच रूपात आणते. एवढ्याने भागले असते तर बरे होते. पण याच अर्ध्या 'र' साठी टंकणारे लोक तिसरी रीतही वापरतात: साधा 'र', त्यास हलन्त, आणि त्यापुढे शून्य रुंदीचे जोडचिन्ह. ही रीत युनिकोडाच्या नियमाने वेगळीच गणली जाते, 'नॉर्मलाइझ' तिला हात लावीत नाही. तेव्हा 'रिप्लेसऑल' ने ती आपण होऊन बदलावी लागते: 'र', हलन्त व जोडचिन्ह ही त्रयी दिसली की तिच्या जागी 'ऱ' व हलन्त. जोडचिन्ह डोळ्यांस दिसत नसल्याने ते त्याच्या क्रमांकाने, उलट्या तिरप्या रेघेपुढे 'यू' आणि 'दोन शून्य शून्य डी', असे लिहावयाचे असते. कुऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाटे ही नावे आपल्या याद्यांत किती आहेत ते वाचकांनीच पाहावे.

हे सूक्ष्म वाटेल, पण परिणाम सूक्ष्म नाही. समजा, शिष्यवृत्तीसाठी आलेल्या अर्जांची एक यादी आहे व छाननीनंतरची दुसरी, आणि कोणाचा अर्ज छाननीतून पाहावयाचाच राहिला ते शोधावयाचे आहे. नव्या जावास्क्रिप्टमध्ये हे एका ओळीचे काम आहे. दोन्ही याद्यांचे 'सेट', म्हणजे संच, करावयाचे आणि पहिल्यातून दुसरा 'डिफरन्स' ने वजा करावयाचा. ही वजाबाकी भाषेच्या २०२५ च्या प्रमाणात आली व नोडच्या २२ व्या आवृत्तीत ती आहे. पण वर सांगितलेला संस्कार न करता वजाबाकी केली, तर छाननी झालेली कुऱ्हाड्यांची मुलगी राहून गेलेल्यांत दिसेल. आणि उलट, दोन वेळा अर्ज केलेला मुलगा दोन निराळी मुले म्हणून दोन शिष्यवृत्त्या घेऊन जाईल. निधी ठराविक असतो. एकास दोनदा गेले म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी गेले.

चौथी ओळ क्रम लावण्याची. येथे 'सॉर्ट' हा शब्द एकटा वापरू नये. एकटा 'सॉर्ट' युनिकोडातील क्रमांक पाहून नावे लावतो, आणि तो क्रम आपल्या अकारविल्हेचा नव्हे. त्या क्रमात क्षितिज 'क' च्या नावांत जाऊन बसतो व ज्ञानेश्वर 'ज' च्या. 'ळ' चे स्थान तेथे 'ल' च्या लगेच नंतर, 'व' च्या आधी. म्हणून काळे आधी व कावळे नंतर असे येते. मराठी रीतीत 'ळ' 'ह' च्या पुढे आणि 'क्ष', 'ज्ञ' सर्वांच्या शेवटी. हा क्रम हवा असेल तर 'इंटल' या भांडारातील 'कोलेटर' घ्यावा, त्यास मराठीची 'एमआर' ही खूण द्यावी, आणि त्याची 'कम्पेअर' ही तुलना 'सॉर्ट' च्या हाती द्यावी. तेलुगू यादीसाठी 'टीई' ही खूण. देणगीदारांच्या नामावलीत आपले नाव भलत्या जागी पडले तर ते सापडत नाही, आणि सापडले नाही म्हणजे ते छापलेलेच नाही असा समज होतो. मग पुढील स्मरणिकेपर्यंत, म्हणजे कधी कधी पंचवीस वर्षे, तो समज टिकतो.

पाचवी ओळ निकाल लिहून ठेवण्याची. तो मूळ यादीवर न लिहिता नव्या नावाच्या फाइलीत 'राइटफाइल' ने लिहावा. कमांड लाइनवर बाणाचे चिन्ह देऊन निकाल फाइलीत वळविण्याची जुनी रीत आहे. लिनक्सवर ती उत्तम, पण विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये तो मजकूर वेगळ्याच प्रकारात साठतो व देवनागरीची माती होऊ शकते. तसेच काळ्या खिडकीत मराठी अक्षरे फुटलेली, काने-मात्रा सुटलेल्या दिसल्या तर घाबरू नये. तो त्या खिडकीचा दोष असतो. फाइल उघडून पाहावी.

रकमांबद्दल एक सूचना येथेच करून ठेवतो. देणगीच्या रकमा देवनागरी अंकांत टंकल्या असतील तर जावास्क्रिप्टला त्या संख्या वाटत नाहीत. '५०१' यास 'नंबर' लावले असता उत्तर 'एनएएन', म्हणजे संख्या नव्हे, असे येते, आणि बेरजेत असे एक उत्तर मिसळले की सगळी बेरीज तशीच होते. म्हणून बेरजेपूर्वी प्रत्येक देवनागरी अंकाचा युनिकोड क्रमांक घेऊन त्यातून २४०६ वजा करावेत. शून्य ते नऊ मिळतात. उलट, बेरीज छापताना 'इंटल' मधील 'नंबरफॉरमॅट' ला 'एमआर-आयएन' अशी खूण दिली की, १२,३४,५६७ असे आपल्या लाख-हजारांच्या स्वल्पविरामांसह देवनागरी अंक मिळतात.

आता आपल्या जिल्ह्याच्या खास गोष्टीकडे वळू. नारनूर मंडलातील गुंजाळा या गावी गोंडी भाषेची स्वतंत्र लिपी असलेली हस्तलिखिते जपली गेली होती. २००६ च्या सुमारास हैदराबाद विद्यापीठाचे प्रा. जयधीर तिरुमल राव व त्यांचे सहकारी यांच्यामुळे ती विद्वानांपुढे आली, आणि जून २०१८ मध्ये युनिकोडच्या ११ व्या आवृत्तीत 'गुंजाळा गोंडी' या नावाने त्या लिपीस ८० जागांचा विभाग मिळाला. १९४० च्या दशकात हायमेंडॉर्फ यांनी मारलवाईस गोंड शिक्षक तयार करण्याचे काम केले तेव्हा गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत काढली होती, कारण मराठी येथल्या गोंडांच्या ओळखीची. आता मडावी, आत्राम, सिडाम घराण्यांतील एखादा विद्यार्थी आपले नाव आपल्या लिपीत लिहून अर्ज देऊ म्हणेल तर संगणकाची हरकत उरलेली नाही. हरकत उरते ती स्क्रिप्ट लिहिणाराच्या अज्ञानाची.

ती अशी. जावास्क्रिप्टने मजकुराचे एकेक घर १६ बिटांचे ठरविले. त्यात ६५,५३६ क्रमांक मावतात. देवनागरीचा विभाग २३०४ पासून व तेलुगूचा ३०७२ पासून सुरू होतो. दोन्ही सुखाने मावतात. गुंजाळा गोंडीचा विभाग ७३,०५६ पासून सुरू होतो. तो एका घरात मावत नाही, म्हणून प्रत्येक चिन्हास दोन घरे लागतात. दहा चिन्हांच्या नावाची 'लेंग्थ' वीस येते. ओळखपत्रावर जागा कमी म्हणून नाव 'स्लाइस' ने पंधरावर तोडले, तर सात चिन्हे पूर्ण राहतात व आठव्याचे अर्धे. अर्ध्या चिन्हास काहीही अर्थ नसतो. फाइल लिहिताना नोड त्या जागी एक प्रश्नचिन्हाचा चौकट-मणी बसविते, आणि मूळ अक्षर त्या फाइलीतून कायमचे जाते.

उपाय कठीण नाही. मोजताना व तोडताना नावास प्रथम 'ॲरे डॉट फ्रॉम' मधून न्यावे; ते घरे न मोजता पूर्ण चिन्हे मोजते. त्याहून चांगला उपाय 'इंटल' मधील 'सेगमेंटर'. तो माणसाच्या डोळ्यांनी अक्षरे पाहतो. 'मारुती' या नावात घरे सहा, चिन्हेही सहा, कारण काना, उकार व वेलांटी ही वेगळी मोजली जातात. 'सेगमेंटर' मात्र मा, रु, ती अशी तीनच अक्षरे सांगतो. जोडाक्षरांच्या बाबतीत नव्या-जुन्या नोडची उत्तरे निराळी येऊ शकतात, कारण देवनागरी जोडाक्षर एकसंध मानण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ व्या आवृत्तीत आला. नाव कोठे तुटले आहे का हे तपासण्यास 'इझवेलफॉर्म्ड' ही चाचणी आहे. फाइल लिहिण्यापूर्वी सर्व नावांवर ती चालवावी. आणि खरे पाहता नाव तोडूच नये. ओळखपत्र थोडे रुंद छापावे.

इतके सर्व झाले तरी बाहेरचे एकही पॅकेज आपण मागविलेले नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. नोडबरोबर एनपीएम नावाचे भांडार येते व त्यात प्रत्येक लहान कामास तयार वस्तू मिळते. मोह आवरावा. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या कर्त्याने काढून घेतले आणि जगभरची अनेक मोठी कामे तासन्‌तास अडली. नोडखेरीज डेनो व बन ही दोन नवी साधनेही हीच स्क्रिप्ट चालवितात. डेनो हेही रायन डाल यांचेच. त्यात फाइल वाचण्याची किंवा लिहिण्याची परवानगी कमांड लाइनवर स्पष्ट दिल्याशिवाय स्क्रिप्ट फाइलीस स्पर्श करू शकत नाही. दुसऱ्याने लिहून दिलेली स्क्रिप्ट मुलांच्या यादीवर चालवावयाची असेल तर हे बंधन चांगले.

स्क्रिप्ट तयार झाली की तिची परीक्षा खऱ्या यादीवर घेऊ नये. दहा नावांची एक लहान फाइल करावी: त्यात क्षितिज, ज्ञानेश्वर, काळे, कावळे, तिन्ही रीतींनी टंकलेले कुऱ्हाडे, मागेपुढे जागा सुटलेले एक नाव, एक तेलुगू व एक गुंजाळा गोंडी नाव असावे. निकालात कुऱ्हाडे एकसारखे झाले, ज्ञानेश्वर मराठी नावांच्या शेवटी गेला, आणि गोंडी नाव अखंड राहिले, तर मग ती स्क्रिप्ट मोठ्या यादीवर चालवावी, व ही दहा नावांची फाइल तिच्या शेजारीच त्याच फोल्डरात जपून ठेवावी.